पंचफुलास, मामाकडून

डब्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी कोरलं आहे :
चि. सौ. कां. पंचफुलास
मामा दसरू झाडे, मौदा, यांजकडून.
ता. ९-५-७९.
या दोघांपैकी मी कोणालाच ओळखत नाही.

त्या एप्रिलात मेडिकलच्या भिंतीला टेकून
आम्ही पन्नासेक जण बसलेलो असायचो,
एकमेकांपासून हातभर लांब.
दार किलकिलं झालं की सगळे एकदम उभे.
हॉटेलं बंद. चहाची टपरी उलटी टाकलेली.
ऊन असं, की कुत्रीसुद्धा
अँब्युलन्सच्या सावलीबरोबर सरकत होती.

तोंड बांधलेला एक जण स्कूटरवरून आला,
डबा माझ्या पायाशी ठेवला.
"खाऊन घ्या, थंडं होऊन राह्यलं."
मी मान वर करेपर्यंत चौकातून वळला होता.
खाली भात. वर वरण, लसणाची फोडणी.
झाकणात, पेपरच्या तुकड्यात बांधून,
चिमूटभर मीठ.
म्हणजे कोणीतरी ओट्याशी उभं राहून
विचार केला होता,
या माणसाला अळणी लागलं तर?

मी सगळं खाल्लं.
बाबा आत ऑक्सिजनवर, आणि मी बोटं चाटली.
हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी घरी आणलं ते एवढंच :
बाबांच्या चपला, चष्म्याचं घर, हा डबा.

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, आई म्हणाली.
पण करायचा कुठे?
मौद्याला गेलो. झाड्यांची अकरा घरं फिरलो.
दसरू कोणाच्याच आठवणीत नव्हता;
एका घरी ताक मात्र बळंच पाजलं.

इतवारीत भांड्यांवर नावं टाकणाऱ्या देवमननं
डबा उजेडात धरला, फिरवला.
"हा 'झ' आमच्या बुढ्याचा हाय.
शेपटी अशीच वर नेत जाय तो.
पण भाऊ, मी अक्षर सांगू शकतो, पत्ता नाही."
मग मशीन चालू करून,
"खाली तुमचं नाव टाकून देऊ?"
नको म्हणालो.
त्यानं झाकणाची दबलेली कड ठोकून सरळ केली
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा तांब्या उचलला.
पैशांकडे पाहिलंही नाही.

नंतर दोन वर्षं त्यात मोहरी होती.
खरं सांगू, द्यावासा वाटत नव्हता.

परवा मावशीला मेडिकलला घेऊन गेलो होतो.
तिला जेवण नको होतं. तोंड कडू, म्हणाली.
वऱ्हांड्यात बालाघाटकडची एक बाई,
आणि सलाइनच्या नळीशी खेळणारी तिची पोरगी.
डबा तिच्यापुढे ठेवला.
"भैया, डब्बा वापस कहाँ देना?"
माझा फोन नंबर अगदी ओठांवर आला.
"नाम लिखा है ना उस पे," मी म्हणालो,
"पंचफुला. मैं उन्हीं के घर का हूँ."

तिनं टिंबांवरून बोट फिरवलं.
वाचता येत नसावं, किंवा मराठी नसेल येत.

दोन मजले उतरून स्टँडपाशी आलो,
किल्ली लावली,
आणि आठवलं : मीठ.

कॅन्टीनवाल्याकडून पुडी बांधून घेतली
आणि पुन्हा जिना चढायला लागलो.