बाल्कनी, रांग सी

इद्वलमामाने आणलीय पक्षी बघायची दुर्बीण.
म्हणतो, आज सोक्षमोक्ष.

बेचाळीस वर्षं चाललाय हा खटला:
'टिन पॅरिश'च्या दुसऱ्या तबकडीच्या वेष्टनावर
धुरात अर्धी बुडालेली ती गिटार कुठली?
मुठीएवढा फोटो. गिटारचं डोकं चौकटीबाहेर.
दिसतं ते इतकंच: एक बुटकं शिंग,
कोपर घासून उडालेला लाल रंग,
आणि एक बटण, बाकीच्यांच्या जातीचं नसलेलं.

गेथिन म्हणायचा, अमेरिकन. एकसष्टची. पैजेवर सांगतो.
मामा म्हणायचा, जपानी, पोस्टाने मागवलेली,
चादरी आणि इस्त्र्यांच्या कॅटलॉगमधून, हप्त्यांवर,
त्या पोराकडे कुठून येणार रे अमेरिका?
दोघे एकाच पोलाद कारखान्यात, समोरासमोरच्या क्रेनवर,
खाली वितळलेलं लोखंड,
वर हातवाऱ्यांनी गिटारीचं भांडण.

पैज दहा पौंडांची. महागाईने वीस झाली.
मार्चमध्ये गेथिन गेला.
त्याच्या बायकोने भिंग पाठवून दिलं, बिस्किटांच्या डब्यात.

स्वान्सीचं हे सभागृह पूर्वी चॅपेल होतं.
बाकं तीच, गुडघ्यांना जागा न देणारी.
आजूबाजूला सगळी पांढरी डोकी, काळे टी-शर्ट,
आणि मध्यंतरात स्वच्छतागृहासमोर
कारखान्याच्या फाटकासारखी रांग.

बँड आला. चौघांपैकी तिघे मूळचे,
ड्रमवर ड्रमरचा मुलगा.
गाणी अर्धा स्वर खाली उतरवलेली,
जिना उतरताना कठडा धरावा तशी, सांभाळून.
गायक वरच्या पट्टीपाशी आला की माइक आमच्याकडे करतो
आणि आम्ही ती जागा भरतो, बेसूर, खूष.
एम्रिस प्रॉबर्ट स्टुलावर बसून वाजवतो.
हातात कोरी करकरीत निळी गिटार.
मामा दुर्बीण खाली ठेवतो. "ही कोण आणली?"

सहाव्या गाण्याला एक मुलगी आतून लाल घेऊन आली.

मामाचे हात थरथरतात, स्टेज दुर्बिणीत उड्या मारतं.
"तू बघ," म्हणतो. "सांग मला."
मी बघते.
आधी काहीच नाही, मग प्रॉबर्टचा अंगठा,
मग सापडतं सगळं, घरात शिरल्यासारखं:
तीन पांढरे खटके, स्वस्तातले.
पट्टीच्या टोकाला तो जास्तीचा पडदा,
मामाने हजारदा सांगितलेला,
"असला तर जपानी, पोरी, डोळे मिटून जपानी."
आहे.

तोंड उघडायच्या आत
प्रॉबर्टने तारांवर तळवा ठेवला.
सभागृह गप्प.
आणि मागे उरली फक्त तिची घरघर,
वाजवण्याआधीची, जुन्या फ्रिजसारखी,
तो दिव्यांकडे वळला की चढणारी, पाठ फिरवली की बसणारी.
मामाने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.
समोरच्या कठड्यावर दोन्ही तळवे दाबले,
क्रेनच्या केबिनमध्ये बसावं तसा ताठ बसला.

"अमेरिकन," म्हणाला.

मी म्हटलं, मामा, तो पडदा—
"अमेरिकन. एकसष्टची. हातांना कळतं."
यंत्र खिशात. आता त्याच्याशी कोण वाद घालणार.
गाणं सुरू झालं, आणि तो
पहिल्या ओळीपासून अर्धा ठोका मागून गात राहिला.

शेवटची बस गेली होती.
चिप्सच्या दुकानाबाहेर व्हिनेगरने ओला कागद धरून
त्याने वीसची नोट काढली, पाहिली,
परत दुर्बिणीच्या पिशवीत घातली, वेगळ्या कप्प्यात.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग यंत्र कानात बसवत म्हणाला,
"आणि ते बटण? ते कसलं होतं?"

"गॅसच्या शेगडीचं," मी म्हटलं.
"त्यावर आकडे आहेत. एक ते नऊ."

चिप हातात तशीच राहिली.
"शेगडीचं," तो म्हणाला.
मग हसायला लागला, भिंतीला टेकून, डोळे पुसत,
"दोघांनाही नाही सुचलं बघ. दोघांनाही नाही."