लारीमागे किती फ्रेम

तिबिलिसीच्या स्टेशन चौकाखालच्या भुयारात माझं दुकान:
सव्वा मीटर काउंटर, एक ट्यूबलाइट,
शेजारी मोजे विकणारी एतेरी.
वरून बस गेली की बशीतले माझे स्क्रू थरथरतात.

वहीत मी हिशेब मांडते.
एका रकान्यात किंमत, दुसऱ्यात फ्रेम,
भागाकार पेन्सिलीने,
कारण भाव रोज खोडावे लागतात.

नवं कोरं, चार जीबी, खोक्यावर ड्रॅगन: चारशे साठ लारी.
दोन वर्षांची वॉरंटी, एक पंखा, आवाज झोपलेल्या मांजरीचा.
फ्रेम अठ्ठावन्न. म्हणजे आठ लारीला एक.
हलक्या खेळात पळतं,
जड खेळात धापा टाकतं.
मग पोरं सेटिंग उतरवत उतरवत
आधी सावल्या काढतात, मग गवत,
शेवटी मैदानात नुसता शत्रू उरतो.

जुनं, आठ जीबी, खोकं नाही: तीनशे दहा.
फ्रेम बासष्ट. पाच लारीला एक.
हे डोंगरातून आलं, स्वानेतीहून.
उशांगीनं गोठ्यात अशी चौदा
तीन वर्षं रात्रंदिवस जुंपली होती
एंगुरीच्या विजेवर, नाणी उपसायला.
पुढे गावातले दिवे मंदावले, चक्की अडली,
आणि संत गिओर्गीच्या तसबिरीपुढे
घरटी एकानं शपथ घेतली.
उशांगीनंही घेतली.
मला म्हणाला, "देवापुढे हरलोय,
तू आता घासाघीस करू नकोस."

मी एकेक उघडलं.
पंख्यांत कडब्याचा भुगा, एकात वाळकी मधमाशी,
थर्मल पेस्टची खपली झालेली.
चौदातली अकरा जगली.

गिऱ्हाइकाला मी हे सगळं सांगते.
राबलेल्या कार्डात कुठेतरी पाणी मुरलेलं असतं,
आज दिसत नाही, ऑगस्टात दिसतं.
वॉरंटी? मी इथे बसते, तेवढीच.

जोंडो मास्तर आले ते घडी घातलेला कागद घेऊन.
भूगोल शिकवायचे. आता घरी बसून विमान चालवतात,
स्क्रीनवर, संध्याकाळी सात ते नऊ.
"तीस फ्रेम पुरेत मला. मी सावकाश उडतो."
"मग नवं घ्या, निर्धास्त राहाल."
"पण खाली आलं की शहर विरघळतं हो.
समुद्र नीट दिसतो. घरं ओल्या साबणासारखी."
"कुठलं शहर?"
"सोखुमी."
एतेरीनं मोजे मोजणं थांबवलं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात दाराला कुलूप लावून निघाले होते.
"किल्लीचं विचारू नका," म्हणाले,
"सगळेच किल्ली दाखवतात."

मी समजावलं: फ्रेम म्हणजे वेग,
मेमरी म्हणजे एका वेळी किती गोष्टी हाताशी धरता येतात.
चारात छपरं मावत नाहीत. आठात मावतील.
"हे आलं कुठून?"
"स्वानेतीतून."
"म्हणजे आम्ही आलो त्याच खिंडीकडून.
आम्ही बर्फातून चालत आलो."
"याला मिनीबस मिळाली," मी म्हणाले,
आणि जीभ चावली. ते मात्र हसले.
दोनशे ऐंशीला दिलं.

पंधरा दिवसांनी परत आले.
"कार्ड चांगलं आहे. एक्केचाळीस फ्रेम."
मग टोपी काढून,
"घर चुकीचं आहे.
आमच्या जागी त्यांनी लाल कौलं घातलीत.
आमचा पत्रा होता, पाऊस आला की बोलू द्यायचा नाही.
अंजिराचं झाड नाही.
पण रस्त्याचं वळण बरोबर आहे,
आणि वळून पुढे गेलं की समुद्र
दिसायचा तिथेच दिसतो."

मी विचारलं, पंखा वाजतो का?
बेअरिंग गेलं असणार, बदलून देते.
"वाजतो. राहू द्या.
विमानात बसल्यासारखं वाटतं."

एतेरीनं त्यांना लोकरीची एक जोडी दिली,
आणि पैसे पुरते घेतले.

उशांगीची दहा उरली.
तीनशे दहा खोडून मी दोनशे नव्वद लिहिलं.
संध्याकाळी एक पोरगा आला, वही उलटी करून वाचली,
भागाकारही पटला त्याला.
पण ड्रॅगनच हवा होता.