पाठमोरा टुंबो

शिरोड्याचा बाजार संपतो तिथून
मिठागरांकडे उतरणाऱ्या वाटेवर
आमची गणपतीची शाळा.
चतुर्थी सरली की फळ्या मोकळ्या,
उंदीर तेवढे उरतात,
मातीचे दोन, खरे किती कोण जाणे.

मार्चात पास्कू फर्नांडिसची नात आली, रोविना.
हातात आईचा मोबाइल, काच तडकलेली.
"काका, ह्यो करून देशात?"
तड्याखाली एक हिरवा बेडूक, गळ्यात टाय.
आपटे, चपटा होई, पुन्हा फुगे
आणि लागे चालायला, जसं काही झालंच नाही.
"टुंबो," ती म्हणाली,
घरातल्या माणसाचं नाव सांगावं तसं.

तीस वर्षं मी एकाच देवाचं पोट करतोय.
सोंडेचं वळण मला तापातही चुकत नाही.
पण ह्याला मानच नाही,
डोळे डोक्याबाहेर, हाताला बोटं चार.
मी दोनदा मोजली.
"चारच असतंत," ती म्हणाली, "सगळ्या कार्टुनांका."

वर्तमानपत्रं भिजत घातली, विजेची जुनी बिलं,
चिंचोक्याची खळ शिजवली,
काथ्या कुटून पीठ केला, तार वाकवली.
पोट लगेच जमलं.
टायची गाठ मात्र तीनदा मोडली,
शेवटी पोस्टातल्या नाईकांना
त्यांच्या लग्नाचा फोटो मागितला.

चौथ्या दिवशी पाट फिरवला
आणि हात तिथेच राहिले.
मागे काय?

बायकोच्या मोबाइलवर रात्री आवाज बंद करून
चाळीस भाग बघितले.
"येड लागला काय तुमका?" ती कूस बदलत म्हणाली.
टुंबो डावीकडून उजवीकडे पळतो,
भिंतीतून आरपार जातो, ढगावर झोपतो,
दारातून निघतानाही तोंड आपल्याकडेच.
एकदाही वळला नाही.
ज्यांनी त्याला काढला
त्यांनी पाठ काढलीच नव्हती.

तशी देवाची पाठ तरी आम्ही कुठे करतो?
पांढऱ्याचा एक हात, बस्स.
ती भिंतीची बाजू.
दिसते एकदाच, विसर्जनाला,
डोक्यावरून पाण्यात जाताना,
आणि तीही फक्त
जे वाळूवर मागे राहतात त्यांना.

रोविनाला विचारलं, पाठ कशी करू?
ती बराच वेळ नखाने फळीवरची माती खरवडत राहिली.
"पप्पाची हा तशी.
शर्ट भायर इलेलो."

तिचा बाप बोटीवर असतो, नऊ-नऊ महिने.
गेल्या पावसाआधी तो गेला तेव्हा
मी स्टँडवर होतो, पणजीची गाडी बघत.
बॅग उजव्या खांद्यावर, म्हणून उजवा खांदा खाली.
मानेवर न्हाव्याचा वस्तरा नुकता फिरलेला.
घामाचा एक नकाशा, दोन पाखांच्या मधे.

बेडकाला पाखे नसतात.
मी केले.
टाय होता, म्हणजे शर्टही असणारच,
तो मागून अर्धा बाहेर काढला.
घामासाठी निळ्यात पाणी घातलं,
इतकं, की उन्हात धरला तरच दिसावं.

ती न्यायला आली ती वेलांकनीला चालल्यासारखी,
केस विंचरून, नव्या चपला.
टुंबोचं तोंड बघितलंच नाही.
उलटा केला, अंगठा खांद्यावरून खाली नेला,
मग पिशवीत घातला
आणि पन्नासची नोट फळीवर ठेवून पळाली.
हिशोब साठचा होता.

ह्या चतुर्थीला पहिल्यांदाच
मी मागची बाजू रंगवायला घेतली.
"भिंतीकडे जातली ती," आरवलीचा गिऱ्हाईक म्हणाला,
"फुकट रंग कित्याक घालवतास?"
म्हटलं, हात बसलाय, उठत नाही.
आणि शेल्याची चुणी
खांद्यावरून खाली ओढत राहिलो,
बारीक कुंचल्याने, सावकाश.