पठार

तुर्भ्याच्या बाजारात, गल्लीच्या टोकाशी
आम्ही सहाजणी बटाटा निवडतो.
सडका एकीकडे, फावड्याने कापलेला एकीकडे,
गोल, गुळगुळीत, तो परत गोणीत.
हातांना कळतं. डोळे लागत नाहीत.

परवा लेकीने शाळेतून पुस्तक आणलं.
आई, म्हणाली, बटाटा आपला नाहीच मुळी.
मी हसले. सातगाव पठारावर माझ्या बापाने
चाळीस वर्षं बटाटा लावला, आणि आपला नाही?
तिने नकाशा उलगडला.
पश्चिमेच्या काठाने एक लांबच लांब डोंगर,
गोणीची शिवण असावी तसा, वरून खालपर्यंत.

तिथेही पठार आहे.
इतकं उंच, की पाहुण्याला बसल्या जागी धाप लागते.
तिथे बटाट्याला पापा म्हणतात.
लेक जरा अडखळली.
तिचे पप्पा सुरतेला गेले ते अजून गेलेलेच.

तिथे रात्री बटाटे उघड्यावर पसरतात,
हिवाने गोठतात, सकाळी अनवाणी पायांनी तुडवून
पाणी काढतात, मग ऊन, मग पुन्हा हिव,
खड्यासारखा झाला की वर्षानुवर्षं टिकतो.
हे मी गल्लीत सांगितलं तर सगळ्या हसल्या.
इथे मालाला नुसता पाय लागला तर शेठ बोंबलतो.

तोच खडा चघळत, मी म्हटलं,
माणसं एका डोंगरात उतरायची, चांदीसाठी.
राजा समुद्रापलीकडचा. चांदी त्याच्याकडे जायची.
डोंगर आतून पोकळ होत गेला,
वर आली नाहीत ती माणसं
कुणी धड मोजलीही नाहीत.

हौसाबाईचा हात थांबला.
तिचा नवरा पारसिकच्या खाणीत अकरा वर्षं सुरुंगाला,
नंतर चार वर्षं खोकल्याला.
तिने गाळ्याच्या पत्र्यांवरून पाहिलं,
जेवढा डोंगर उरलाय तेवढा.
"त्यांच्या बायकांना काही मिळालं का गं?"
पुस्तकात नव्हतं.

विषय बदलायचा म्हणून सांगितलं,
तिथे एक बटाटा असतो, नुसत्या गाठीच गाठी,
नाव त्याचं सून रडवणारा.
लग्नाआधी पोरीला सोलायला देतात,
साल जाड निघाली की नापास.
यावर मात्र सहाहीजणी एकदम बोलायला लागल्या,
शेठने दोनदा डोकावून पाहिलं.

संध्याकाळी गोणीच्या तळाशी तसाच एक निघाला,
पाच तोंडांचा, मातीने बरबटलेला,
कुठल्याच ढिगात बसेना.
हौसाबाईने पुसला, ओच्यात टाकला.
उद्या संकष्टी, म्हणाली.
उपासाला चालतो.