डावी कूस

इसाफ्योर्दुरच्या धक्क्यामागे, जिथं पूर्वी जाळी सांधायचे,
त्या पत्र्याच्या खोलीत माझं टेबल.
एक हीटर, चार टॉवेल,
आणि तेलाची बाटली, जी गिऱ्हाईक यायच्या आधी
मी काखेत धरून कोमट करते.

लोक कोट काढतात, बूट काढतात,
वाऱ्याबद्दल दोन वाक्यं बोलतात.
मी विचारते, झोपता कसे?
म्हणतात, बरी लागते झोप.
मी ते विचारलेलं नसतं.
असू दे. पोलंडहून येऊन नऊ वर्षं झाली,
माझं आइसलँडिक अजून मोडकंतोडकं.
पालथं पडा, म्हणते. पुढचं पाठ सांगेल.

स्टेनव्योर बाईंची मान उजवीकडं वळते, डावीकडं नाही.
पोटावर झोपतात, तोंड दाराकडं करून.
त्या दारापलीकडं एक दम्याचं पोर झोपायचं.
पोर आता डेन्मार्कात क्रेन चालवतं.
मान अजून कानोसा घेते.

मासळीच्या कारखान्यातली लुझविमिंडा
मुटकुळं करून झोपते, मुठी हनुवटीखाली.
एकेक बोट सोडवून उघडावं लागतं,
जणू आत सुरी आहे
आणि पट्टा अजून बंद झालेला नाही.

आणि थोर्केल.
अडतीस वर्षं ट्रॉलरवर.
बंकमध्ये डाव्या कुशीवर: पाठ जहाजाच्या अंगाला,
उजवा गुडघा फळीला रेटलेला,
मधे माणूस, पाचरीसारखा ठोकलेला.
नाहीतर लाट उचलून खाली आपटते, म्हणाला,
आणि हसला, आणि हसताना कंबर धरली.
जहाज विकून दोन वर्षं झाली.
जांघेतला स्नायू मात्र ओल्या दोरासारखा,
आखडून वाळलेला.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको आली, हाल्बेरा.
उजव्या खुब्यावर बशीएवढी जागा,
कडेला पिवळी, मधे जांभळी.
मी अंगठा ठेवला आणि थबकले.
हा गुडघा माझ्या ओळखीचा होता.
टेबलाच्या भोकातून जमिनीशी बोलल्यासारखी ती म्हणाली,
फळी लागते ना त्याला. मी हलत नाही रात्रभर.
हलले तर पडेल.
कुठं पडेल?
ते त्यालाही सांगता येत नाही.

मग दर गुरुवारी थोर्केल.
त्याचं पाऊल माझ्या खांद्यावर घेऊन म्हणायची, रेटा.
तो रेटायचा. मी हटायची नाही.
दहापर्यंत मोजायचं, श्वास सोडायचा,
आणि तेवढ्या फटीतून पाय बोटभर पुढं सरकवायचा.
कधी तेवढाही नाही.
पाचव्या गुरुवारी बाहेर बर्फ पडत होतं,
हीटर बिघडला होता, मी वैतागलेले होते,
आणि अचानक मांडीचा सगळा भार
माझ्या हातात आला.
इतका जड की मी जवळजवळ सोडला असता.
तो घोरत होता. उताणा. हात दोन्हीकडं टाकलेले.
पुढच्या गिऱ्हाइकाला मी अर्धा तास बाहेर बसवलं.

वसंतात हाल्बेरा पुन्हा आली.
खुबा गोरा, नितळ. दुखणं नाही कुठंच.
तरी खांदे कानाला लागलेले,
आणि डोळ्यांखाली वर्तुळं.
तीन वाजता जाग येते, म्हणाली.
तो पलीकडं पसरलेला असतो, चादरीसारखा.
कमरेला काहीच लागत नाही.

मी तेल कोमट केलं. मला सुचेना.
म्हटलं, मधे एक उशी घेऊन बघा, जरा घट्टशी.

घेतली, म्हणाली.
उशी रेटत नाही.