एकशे दहा लिटर हवा

अमळनेरला, बोरीच्या काठी, पत्र्याच्या शेडमध्ये
माझा बाप खोकी बनवतो.
पाटीवर अजून लिहिलंय: हिलाल मिस्तरी, दरवाजे-खुर्च्या.
दरवाजे आता लोखंडाचे येतात
आणि खुर्च्यांचं तुम्हाला माहीतच आहे.

मी आठवीत असताना त्यानं पंधरा इंची स्पीकर
नुसता हातात धरून वाजवून दाखवला.
कागदी पडदा केवढा थरथरत होता,
आणि ढोल ऐकू येत होता काडेपेटीएवढा.
पडदा पुढं जेवढं ढकलतो, मागून तेवढंच ओढतो,
पुढची लाट वळसा घालून मागच्या खड्ड्यात पडते,
हिशेब शून्य.
मग त्यानं तोच स्पीकर खोक्याच्या भोकावर दाबून धरला
आणि शेडचा पत्रा, सरसाची बादली,
माझ्या पोटातली सकाळची कळण्याची भाकरी
सगळे एकदम जागे झाले.

तेव्हापासून वही माझ्याकडे.
लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली,
त्यातून आतल्या आडव्या पट्ट्या वजा,
चुंबकाचा गठ्ठा वजा,
उरते ती हवा.
लोक प्लायवूडचे पैसे मोजतात.
आम्ही हवा विकतो.

चोपड्याचा भटू पिकअप घेऊन आला.
त्याला एका ओळीत चार डबे बसवायचे होते,
म्हणून प्रत्येक डबा निम्मा.
बाप म्हणाला, "हवाले बी बठाले जागा लागस."
भटू हसला, आगाऊ पैसे ठेवून गेला.
आम्हीही ते ठेवून घेतले.

आठ दिवसांत चारही डबे परत.
कोंडलेली हवा ताठ होते,
पडद्याला हलू देत नाही,
आणि हलू दिलंच तर एकाच सुरावर.
कुठलंही गाणं लावा, हळद असो की वरात,
आत तीच एक म्हैस हंबरते.

जिनमधून रुई आणली, पिंजून आत भरली.
रुईत आवाज वाट चुकत चुकत चालतो,
त्याला घर मोठं वाटतं.
म्हैस थोडी शांत झाली. गेली नाही.
शेवटी भटू चारावरून तीनवर आला
आणि आम्ही सगळं उसवलं.

नवे डबे, एकशे दहा लिटरचे.
पोटाशी नळी, रावेरच्या केळीबागेतून उरलेल्या पाइपाची.
रांजणाच्या तोंडाशी फुंकर मारावी तशी
मागची लाट त्या नळीतून उशिरानं बाहेर येते,
उशिरानं येते म्हणूनच पुढचीशी भांडत नाही.
किती उशिरानं, ते माझ्या करवतीवर.
एक बोट जास्त कापलं की सूर वर चढतो,
आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

सांध्यांवरून बाप उदबत्ती फिरवतो.
डबा चालू असताना धूर जिथं दचकतो, तिथं फट.
कानांवर त्याचा भरवसा नाही.
चाळीस वर्षांच्या रंध्यानं, मशीनच्या करवतीनं
वरचे सूर खाल्ले:
कुकरची शिट्टी, साळुंक्या,
मी भरभर बोलले तर मीसुद्धा.
तो तळहात ठेवतो प्लायवर
आणि डोळे मिटतो.
मी पाना हातात घेऊन उभी.

वैशाखात, नदीपलीकडे लग्न होतं. डबे आमचेच.
गच्चीवर खाटा टाकलेल्या.
गाण्याचे शब्द बोरीच्या कोरड्या वाळूत गळाले,
झांजा गळाल्या, बाईचा आवाज गळाला,
इकडे पोचला तो फक्त खालचा सूर,
कठड्यातून, खाटेच्या पायातून.
एवढ्या अंतरावर
आम्हा दोघांना सारखंच ऐकू येत होतं.

मी वाट बघत होते, तो काहीतरी म्हणेल.
बराच वेळ त्याचा हात कठड्यावर होता.
मग कूस बदलत म्हणाला,
"डावा डबा भितले टेकाडी दिधा, गाढवसनी."