लोह कमी

रिपोर्टात फेरिटिन अकरा.
डॉक्टरीण आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, लोह कमी आहे,
आणि मला हसू आलं, नको तिथं.
समोर भूपाल मगदूम झोपला होता,
उद्यमनगरात एकेचाळीस वर्षं, सोमवार सोडून रोज,
लोखंड पातळ करून वतणारा माझा बाप.
त्याच्या बनियनला धुऊनसुद्धा गंजाचा वास यायचा.

खुब्याचं हाड बसवलं गुरुवारी.
शुक्रवारी रात्री सलाईनची सुई उपटून
तो चादरीवर वाळू दाबायला लागला,
आधी मुठीनं, मग तळव्यानं,
कडेला आलं की नुसत्या पेरानं.
"वाफेला वाट ठेवली न्हाईस.
कोण गं तू? लांब हो, अंगावर उडंल."

मी म्हणत राहिले, आप्पा, हा दवाखाना. राजारामपुरी. मी त्रिशला.
तो म्हणत राहिला, कुपोला गार व्हायलाय.

वय झालं की होतं असं ऑपरेशननंतर, डॉक्टरीण म्हणाली.
लोह कमी असलं तर धोका जरा जास्तच.
पण नक्की कशानं, ते सांगता येत नाही.

नक्की कशानं.
दिवस बुडायच्या आत जेवणारा माणूस,
दुसरी पाळी लागली की उपाशीच भट्टीपुढं.
आई गेल्यावर चहा-खारीवर काढलेली दोन वर्षं.
आणि मी, फोनवर "जेवला का?" विचारून
उत्तर यायच्या आत कुकरकडं वळणारी.

तिसऱ्या रात्री लोहाची बाटली लावली.
काळपट तांबडं, थेंबाथेंबानं.
तो डोळे बारीक करून बघत राहिला,
लॅडलमध्ये बघायचा तसा.
"मळी काढलीस?"
काढली, म्हटलं. दोन रात्री खरं सांगून दमले होते.
"रंग?"
अजून लालच आहे, आप्पा.
"मग थांब. घाईनं वतलंस तर साच्यात अर्ध्यावर गोठतंय."
थांबलो.
पलीकडच्या खाटेवरचे लाटकर घोरायचे थांबले, परत सुरू झाले.

सकाळी डॉक्टरीण रोजच्यासारखं विचारते,
आजोबा, आज वार कुठला?
बराच वेळ तो खिडकीकडं कान देऊन.
"सोमवार," म्हणतो. "भट्टी बंद."
ती कागदावर बरोबरची खूण करते.

चादरीखाली त्याचा हात
अजून कड सारखी करतोय.